हेर्नहूटची वचनचिठ्ठी

जर्मनीच्या अगदी पूर्वेला, पोलंड आणि चेक देशाच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे हेर्नहूट नावाचे एक छोटे गाव आहे. त्या गावातल्या फोग्ट्सहोफ या जुन्या वाड्यात वर्षातून एकदा मोरावियन या ख्रिस्ती मंडळीची काही माणसे एकत्र बसतात, प्रार्थना करतात आणि एका भांड्यातून चिठ्ठ्या काढू लागतात. भांड्यात सुमारे १८०० चिठ्ठ्या असतात. प्रत्येक चिठ्ठीवर एक क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकामागे बायबलच्या जुन्या करारातले एक वचन. पहिली चिठ्ठी निघते ती १ जानेवारीची, पुढची २ जानेवारीची, आणि असे करत ३१ डिसेंबरपर्यंतचा प्रत्येक दिवस आपले वचन मिळवतो. हे वर्ष मात्र चालू नसते, पुढचेही नसते. सोडत तीन वर्षे आधी होते, कारण त्यानंतर ही वचने जगभरच्या भाषांमध्ये उतरायची असतात, छापायची असतात आणि दूरदूरच्या घरांत वेळेवर पोचायची असतात.

या वचनांच्या पुस्तिकेला जर्मनीत ‘लोझुंगेन’ म्हणतात. ती पहिल्यांदा छापली गेली १७३१ साली, आणि तेव्हापासून दर वर्षाची निघत आली आहे. २०२६ ची आवृत्ती २९६वी. आज ती ६० हून अधिक भाषांत निघते आणि एकट्या जर्मन आवृत्तीच्या सुमारे दहा लाख प्रती खपतात. नेपोलियन आला आणि गेला, दोन महायुद्धे झाली, हेर्नहूट पूर्व जर्मनीत अडकले आणि पुन्हा मोकळे झाले. देशाचे दोन तुकडे असतानाही भिंतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक सकाळी एकच वचन वाचत होते.

‘देवा, आज मी काय करू?’ हा प्रश्न ख्रिस्ती माणसाच्या घरात रोजचा आहे. नोकरी बदलावी का, मुलीचे लग्न कुठे ठरवावे, आजारी आईजवळ राहावे की शहरात परतावे, भांडलेल्या भावाकडे आपण होऊन जावे का. उत्तर कसे शोधावे याचे दोन हजार वर्षांत अनेक मार्ग झाले. त्यांपैकी हेर्नहूटचा मार्ग मला सर्वांत विलक्षण वाटतो. वचन कोणते ते माणूस निवडत नाही, पण त्या वचनाचे काय करायचे ते माणसालाच ठरवावे लागते. या व्यवस्थेत एक खोल शहाणपण आहे, आणि ते त्या मंडळीला सहज मिळालेले नाही.

हेर्नहूट वसवले ते निर्वासितांनी. यान हुस या चेक सुधारकाला १४१५ साली जिवंत जाळण्यात आले. त्याच्या अनुयायांच्या परंपरेतून १४५७ मध्ये एक बंधुमंडळी उभी राहिली, पुढे छळामुळे ती जवळजवळ संपली, आणि उरलेली कुटुंबे मोराविया प्रांतात लपूनछपून श्रद्धा जपत राहिली. त्यांतली काही सीमा ओलांडून सॅक्सनीत आली. तिथे काउंट निकोलाउस लुडविग फॉन झिंझेंडॉर्फ या तरुण सरदाराने आपल्या जमिनीवर त्यांना आसरा दिला. १७ जून १७२२ रोजी ख्रिश्चन डेव्हिड नावाच्या सुताराने तिथले पहिले झाड तोडले आणि गाव उभे राहू लागले. पाच वर्षांत वेगवेगळ्या पंथांची माणसे तिथे जमली आणि अर्थातच भांडली. उपासना कशी करायची, कोणाचे ऐकायचे, खरे ख्रिस्ती कोण, यावरून गाव फुटायच्या बेताला आले होते. १३ ऑगस्ट १७२७ रोजी शेजारच्या बेर्टेल्सडोर्फच्या चर्चमध्ये सारे प्रभुभोजनाला एकत्र आले आणि त्या दिवशी त्यांचा समेट झाला. मोरावियन मंडळी तो दिवस आपला पुनर्जन्म मानते. दोन आठवड्यांनी, २७ ऑगस्टला, २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली. ती साखळी पुढे शंभर वर्षे चालली.

या जागलेल्या गावात ३ मे १७२८ च्या संध्याकाळी गीतांची सभा होती. सभा संपताना झिंझेंडॉर्फने दुसऱ्या दिवसासाठी एक ओळ दिली. गंमत अशी की ते पहिले दिनवचन बायबलमधले नव्हतेच. प्रेमापोटी येशू स्वर्गाचे सिंहासन सोडून आला, या अर्थाची ती एका गीताची ओळ होती. मग प्रथा पडली. रोज सकाळी एक जण गावातल्या ३२ घरांच्या दारांवर जाई, त्या दिवसाचे वचन सांगे आणि घरच्यांची विचारपूस करी. कोण आजारी आहे, कोणाच्या मनावर ओझे आहे, कोणाला कशाची गरज आहे, हे तो ऐकून घेई आणि ते मंडळीपर्यंत पोचवी. पुस्तिका छापली गेल्यावर दारोदार वचन सांगण्याची गरज उरली नाही. तरी ही जुनी पद्धत विसरण्यासारखी नाही. वचन दाराशी येत होते ते माणसाच्या तोंडून, आणि परत जाताना तो माणूस घरातले दुःख बरोबर नेत होता. देवाचे मार्गदर्शन म्हणजे एकट्याने बंद खोलीत बसून ऐकायची गोष्ट, अशी आपली समजूत असते. हेर्नहूटमध्ये ती पहिल्या दिवसापासून साऱ्या गावाची गोष्ट होती.

या पुस्तिकेच्या पहिल्याच वर्षी तिने एका माणसाच्या आयुष्याला वळण दिले. १७३१ मध्ये झिंझेंडॉर्फ कोपनहेगनला डेन्मार्कच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी गेला होता. तिथे त्याला आंतोन नावाचा एक गुलाम भेटला. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस या डॅनिश बेटावर आपली बहीण आणि इतर गुलाम कसे राबतात, त्यांना देवाविषयी सांगणारे कोणी कसे नाही, हे त्याने सांगितले. झिंझेंडॉर्फने परत येऊन ती हकिगत मंडळीपुढे ठेवली. ती ऐकून लेओनार्ड डोबर या तरुण कुंभाराला रात्रभर झोप आली नाही. आपल्या मनात आलेली ओढ खरी की निव्वळ भावनेचा भर, हे त्याला कळेना. सकाळी त्याने वचनांची पुस्तिका उघडली. समोर बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायातले ४७वे वचन आले: हे शब्द तुमच्यासाठी पोकळ नाहीत, तेच तुमचे जीवन आहे, अशा अर्थाचे. डोबरला धीर आला. पण पुढे काय झाले ते या कथा सांगणारे बरेचदा गाळतात. मंडळी लगेच तयार झाली नाही. त्याला वर्षभर थांबावे लागले. ज्येष्ठांनी विचारले, शंका घेतल्या, आणि अखेर निर्णयासाठी चिठ्ठी काढली तेव्हा ती त्याच्या जाण्याच्या बाजूने निघाली. २१ ऑगस्ट १७३२ रोजी डोबर आणि डेव्हिड नीट्शमान हा सुतार पायी निघाले आणि डिसेंबरात सेंट थॉमसला पोचले. मोरावियन मंडळीचे मिशनकार्य तिथून सुरू झाले. पुढे १७६० मध्ये तिची माणसे आपल्याकडे तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला आली आणि १८८५ मध्ये लेहला. लेहची मोरावियन मंडळी आजही आहे.

डोबरच्या गोष्टीत दोन वेगळ्या चिठ्ठ्या आहेत, आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. एक दिवसाच्या वचनाची. ती कोणत्याही प्रश्नाचे उत्तर म्हणून काढलेली नसते. दुसरी निर्णयाची. तिच्यापुढे प्रश्न ठेवलेला असतो आणि उत्तर ‘होय’, ‘नाही’ किंवा कोरे. कोरी चिठ्ठी म्हणजे अजून थांबा. अठराव्या शतकात मोरावियन लोक कोणाला कुठे पाठवायचे, कोणाला कोणते काम द्यायचे, इतकेच काय, कोणी कोणाशी लग्न करायचे, हेही या दुसऱ्या चिठ्ठीने ठरवत. त्याला शास्त्राधारही होता. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना शिष्यांनी दोन नावे पुढे ठेवली, प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थिया निवडला गेला, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात आहे. मात्र पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरतो, आणि त्यानंतर साऱ्या नव्या करारात शिष्यांनी निर्णयासाठी चिठ्ठी टाकल्याचा उल्लेख नाही. पुढचे निर्णय होतात ते प्रार्थनेने, उपासाने, एकत्र बसून केलेल्या चर्चेने आणि क्वचित कडाक्याच्या मतभेदानंतर.

चिठ्ठीचा मोह किती मोठा होता ते पुढे मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली या इंग्रज पाळकाच्या आयुष्यात दिसते. अमेरिकेला जाताना जानेवारी १७३६ मध्ये त्याच्या जहाजाला वादळाने गाठले. इंग्रज उतारू किंचाळत होते आणि मोरावियन कुटुंबे शांतपणे गीत गात होती. वेस्ली ते कधीच विसरला नाही. पुढच्या वर्षी जॉर्जियात सोफी हॉपकी या तरुणीशी लग्न करावे का, हे त्याला ठरवता येईना, तेव्हा त्याने तीन चिठ्ठ्या तयार केल्या: लग्न कर, यंदा विचार करू नकोस, पुन्हा कधीच विचार करू नकोस. तिसरी निघाली. त्याच महिन्यात सोफीने दुसऱ्याशी लग्न केले. वेस्ली मनाने कोलमडला आणि त्यातून उठलेल्या कलहांमुळे वर्ष संपता संपता त्याने जॉर्जिया सोडले. १७३८ च्या ऑगस्टात तो हेर्नहूट पाहून आला.

लग्नासारख्या गोष्टीत माणसाचे मन, त्याची जबाबदारी आणि समोरच्या व्यक्तीची संमती बाजूला सारून चिठ्ठीवर विसंबणे हे माझ्या मते भक्तीच्या नावाखाली भक्तीच्याच उलट जाणे होते. मोरावियन मंडळीलाही ते उमगले. १८१८ च्या महासभेनंतर सामान्य सभासदांच्या लग्नांवरून चिठ्ठी उठली आणि १८८९ मध्ये मंडळीच्या कारभारातूनही ती गेली. दिवसाच्या वचनाची चिठ्ठी मात्र टिकली. जिने माणसाच्या वतीने निर्णय घेतला ती गेली. जिने निर्णय माणसाकडेच ठेवला ती राहिली.

प्राचीन मंडळीनेही ही रेघ ओढून ठेवली होती. इ.स. ३८६ मध्ये मिलानमधल्या एका बागेत ऑगस्टीनने शेजारून येणारा लहान मुलाचा आवाज ऐकला, पौलाची पत्रे उघडली, रोमकरांस लिहिलेल्या पत्रातल्या उताऱ्यावर त्याची नजर पडली आणि त्याचे आयुष्य पालटले. पण पुढे लोक बायबल कुठेही उघडून भविष्य पाहू लागले, तेव्हा इ.स. ५०६ च्या आग्द येथील धर्मसभेने त्यावर बंदी घातली. शास्त्राकडे प्रार्थनेने जाणे आणि शास्त्राला कौल लावणे यांतला भेद तेव्हाही कळत होता.

कॅथलिक परंपरेतले एक उदाहरण तर याहून बोलके आहे. १५२२ मध्ये, नुकताच पश्चात्ताप झालेला आणि पुढे जेझुइट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला खेचरावरून मोंसेरातकडे निघाला होता. वाटेत भेटलेल्या एका मूर प्रवाशाने मरियेविषयी अनादराचे बोलल्यावर त्याला मारावे की सोडावे, हे इग्नेशियसला ठरवता येईना. त्याने खेचराचा लगाम सैल सोडला: जनावर त्या प्रवाशाच्या वाटेने गेले तर मारायचे, दुसरीकडे वळले तर सोडायचे. खेचर दुसरीकडे वळले. याच माणसाने पुढे वर्षानुवर्षे आपल्या मनातल्या हालचाली तपासल्या, कोणती ओढ शेवटी शांती देते आणि कोणती कोरडेपणा, याचे नियम बांधले. ते ‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या ग्रंथात १५४८ साली छापले गेले. दिवसातून दोनदा थांबून गेलेले तास देवासमोर ठेवून पाहायचे, कशाबद्दल आभार मानावेत, कुठे चुकलो, पुढचे तास कसे घालवावेत, हे तपासायचे, ही त्याची शिकवण आजही जेझुइट पाळतात. लगाम सोडून देणाऱ्या माणसापासून इथवर तो आला. त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर गोव्याला आला तो तर ठरलेल्या माणसाच्या आजारपणामुळे. १५४० मध्ये भारतात निघायचे होते निकोलस बोबादिया याला. तो आजारी पडला आणि ऐनवेळी झेवियरला विचारण्यात आले. तो लगेच तयार झाला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. कोणतीही चिठ्ठी नाही, कोणताही आवाज नाही. एकाचा ताप, आणि दुसऱ्याची ‘होय’ म्हणायची तयारी.

तरीही देवाचे मार्गदर्शन आणि दिवसाचे वचन यांचे नाते मला सर्वांत स्पष्ट दिसते ते डीट्रिख बोनहोफरच्या आयुष्यात. हा जर्मन पाळक हिटलरचा उघड विरोधक. फिंकेनवाल्डे येथे तो तरुण पाळकांना शिकवीत असे, तेव्हा रोज अर्धा तास एकाच उताऱ्यावर मूकपणे मनन करायला लावी. लोझुंगेन त्याच्या हाताशी नेहमी असे. युद्ध जवळ येताना मित्रांनी त्याला अमेरिकेत सुरक्षित जागा मिळवून दिली आणि १२ जून १९३९ रोजी तो न्यूयॉर्कला पोचला. पोचला आणि अस्वस्थ झाला. २० जूनला त्याने तिथली नेमणूक नाकारली. त्या दिवशीच्या वचनात देवाच्या अढळ न्यायाची कठोर वाणी होती, असे त्याने रोजनिशीत नोंदवले. त्याच नोंदीत, आपल्या निर्णयामागची खरी कारणे आपल्यालाच पूर्ण कळत नाहीत, अशी कबुलीही आहे. २६ जूनला तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरच्या भागात पौलाची एक साधी विनंती त्याच्या वाचनात आली: हिवाळ्यापूर्वी निघून ये. पौलाने ती एका तरुण मित्राला केली होती. बर्लिनशी तिचा काही संबंध नव्हता. बोनहोफरच्या मनातून मात्र ती जाईना. जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी तो जहाजाने मायदेशी निघाला. सप्टेंबरात युद्ध पेटले.

वचनाने त्याला ‘जर्मनीला परत जा’ असे सांगितले नव्हते. त्याचे बांधव संकटात होते, युद्धानंतर त्यांच्याबरोबर उभे राहायचे तर युद्धातही त्यांच्याबरोबर असायला हवे, हे त्याला आधीच कळत होते. वचनाने ते कळणे विझू दिले नाही. पुढे एप्रिल १९४३ मध्ये त्याला अटक झाली. २० जुलै १९४४ रोजी हिटलरवर बॉम्बहल्ला झाला आणि तो फसला. दुसऱ्या दिवशी तेगेलच्या तुरुंगातून मित्राला लिहिताना बोनहोफरने त्या दोन दिवसांच्या वचनांचा उल्लेख केला. २० तारखेचे वचन २०व्या स्तोत्रातले होते, रथ आणि घोड्यांवर नव्हे तर परमेश्वराच्या नावावर भरवसा ठेवणाऱ्यांचे. २१ तारखेचे २३व्या स्तोत्राच्या आरंभीचे, मेंढपाळाचे. पुस्तिका कटाच्या कितीतरी आधी छापलेली. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिली गेली. देवाने दाखवलेली वाट सुरक्षितच असेल, असे ज्यांना वाटते त्यांनी हा माणूस वाचावा.

आता एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येणारा. झिंझेंडॉर्फ लहानपणी हाल्ले येथे आउगुस्ट हेर्मान फ्रांके या पाळकाच्या शाळेत शिकला होता. फ्रांकेने तिथे अनाथगृह उभारले होते. शंभर वर्षांनी त्याच इमारतीत काही काळ राहिलेला गेऑर्ग म्युलर नावाचा विद्यार्थी पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला गेला आणि कोणाकडेही पैसे न मागता, केवळ देवाकडे मागून, हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करू लागला. देवाची इच्छा ओळखायची म्युलरची रीत साधी होती. आधी त्या बाबतीत स्वतःचा हट्ट सोडायचा. मग शास्त्र, प्रार्थना आणि परिस्थिती ही तिन्ही एकत्र पाहायची. कोणत्याही एकावर विसंबायचे नाही, आणि मन शांत झाल्यावरच पाऊल उचलायचे. म्युलरचे चरित्र महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंच्या हाती पडले. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलेल्या रमाबाई तेव्हा परदेशी देणग्यांवर अवलंबून होत्या. परमेश्वरावर असा विश्वास इतरत्र टाकता येतो, तर भारतात का टाकता येऊ नये, हा प्रश्न त्यांना छळू लागला. मग १८९६ चा दुष्काळ आला. हाती पैसा नव्हता. पण ज्या बाईने तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले होते, उपाशीपोटी देशभर पायपीट केली होती, तिला मध्यप्रांतातल्या मुलींची हाक ऐकू न येणे शक्य नव्हते. रमाबाई गेल्या आणि तीनशेहून अधिक मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. भोगलेली भूकच इथे मार्गदर्शक झाली, असे मला वाटते.

लोझुंगेनच्या पानावर आज तीन गोष्टी असतात. वर चिठ्ठीने निघालेले जुन्या करारातले वचन, त्याखाली त्याला साजेसे नव्या करारातले वचन आणि शेवटी एखादी प्रार्थना किंवा गीताचे कडवे. नव्या करारातले वचन चिठ्ठीने काढत नाहीत; ते माणूस विचार करून, पहिल्या वचनाला जोडून निवडतो. वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत. घरातली माणसे चहाच्या वेळी वाचतात, कोणी बसमध्ये फोनवर वाचते, आजारी माणसाला कोणी वाचून दाखवते.

महाराष्ट्रातल्या अनेक मंडळ्यांमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री नववर्षाच्या स्वागताची उपासना होते. हेर्नहूटच्या लोकांनी अशी जागरणाची उपासना १७३३ मध्ये केली होती. वेस्लीने तीच रीत मेथडिस्टांमध्ये आणली आणि मिशनऱ्यांबरोबर ती जगभर पसरली. त्या रात्री पुष्कळ ठिकाणी टोपलीतून वचनाची कार्डे काढतात. वर्षाचे वचन काय निघाले, हे एकमेकांना विचारत लोक घरी जातात. अशा कार्डांवर यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले ११वे वचन फार वेळा असते: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा मिळेल, असे देव सांगतो. कार्ड पाकिटात ठेवण्याआधी तो अध्याय काढून वाचावा. ते एक पत्र आहे, बाबेलला कैद करून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेले. लवकरच सुटका होईल, असे सांगणारे संदेष्टे त्यांच्यात होते, आणि यिर्मया त्यांचे म्हणणे ठामपणे खोडून काढतो. सत्तर वर्षे लागतील, असे तो आदल्याच वचनात सांगतो. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. तोवर काय करायचे, तेही पत्रात आहे: घरे बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या परक्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा.